सूर्यास्तापूर्वीचे मालवण

"प्रवासात नियम चालत नाहीत," हे वाक्य मी नोकरीच्या काळात कितीदा उच्चारले असेल, याची गणती नाही. फिरतीचे काम संपवून रात्री नऊ वाजता एखाद्या खानावळीत बसलो की ते आपोआप ओठांवर येई. सौभाग्यवतीने मात्र रात्रिभोजनत्यागाचा नियम लग्नापासून आजवर कधी मोडलेला नाही. निवृत्तीनंतर मी मालवणचा बेत सांगितला, तेव्हा तिने एवढेच विचारले, "मासळीच्या गावात आपण खायचे काय?"

उत्तरादाखल तिनेच तीन दिवस पुरतील इतक्या दशम्या, मेतकूट, चिवडा आणि पाणी गाळण्याचे फडके पिशवीत भरले. मार्गशीर्षातल्या एका बुधवारी कोल्हापूरहून एस.टी. धरली. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे आणि पासष्टी ओलांडल्यामुळे मलाही. त्यामुळे दोघांचा प्रवास एका तिकिटाच्या पैशांत झाला. गगनबावड्याचा घाट उतरताच हवा दमट झाली, माडांची रांग सुरू झाली. मालवणात एका घरगुती निवासात स्वस्त खोली मिळाली. त्या रात्री घरच्या दशम्यांवरच भागले.

गुरुवारी सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर या दुर्गाची पायाभरणी केली. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले श्रीशिवराजेश्वर मंदिर आत आहे. परंतु मनात राहिल्या त्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! सौभाग्यवतीने फडक्याने गाळून ओंजळभर पाणी प्राशन केले.

परतल्यावर किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. वृद्ध, तरुण, सारे एका दोराला लागले होते. त्यांचे श्रम पाहून आदर वाटला; जाळ्यातील तडफड मात्र आम्हांला पाहवली नाही. आम्ही मान वळवून निघून आलो. ही दोन्ही मने खरी होती, आणि आजही आहेत.

दुपारी दशम्या संपत आल्याचे ध्यानात आले. संकोचाने घरमालकीण वहिनींना आमची अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "कांदो, लसूण, बटाटो... कायच नुको?" मग हसून म्हणाल्या, "आज मार्गेसरातलो गुरवार. घरात मासो नाय. भांडी पण येगळी आसत. सूर्य बुडायच्या आदी वाढतंय."

डिसेंबरात येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सव्वापाचला पाने मांडली गेली. तांदळाची भाकरी, खोबऱ्याच्या वाटणातील काळ्या वाटाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी आणि लसणाविना केलेली सोलकढी. पैसे घेतले तेही मासळीच्या थाळीच्या निम्म्याहून कमी. जेवता जेवता सहज विचारले, तेव्हा कळले की वहिनींचा स्वतःचा दिवसभर उपवास होता. देवीची पूजा तिन्हीसांजेनंतर व्हायची होती, आणि त्यानंतरच त्या जेवणार होत्या. आपला उपवास सांभाळून त्यांनी आमच्या नियमासाठी चूल लवकर पेटवली होती.

माझ्या हातातला घास क्षणभर थांबला. ज्यांच्या घरची उपजीविका समुद्रावर आहे, त्या बाईंना माझ्या नियमाचे मोल कळले होते. मला मात्र इतकी वर्षे ते जड वाटत आले होते. फिरतीच्या गावांत मी कोणाला कधी विचारलेच नव्हते. मला कोणी नकार दिला नव्हता, मी विनंतीच केली नव्हती.

जे साधर्मी या किनाऱ्यावर जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हिवाळा उत्तम. जेवणाचे सकाळीच सांगून ठेवावे. घावणे आणि नारळाचा रस मागावा. चैत्राच्या सुमारास ओल्या काजूंची उसळ मिळते. मालवणी खाज्यात आले असते, म्हणून घेण्यापूर्वी चौकशी करावी. परतीच्या वाटेवर सवड असल्यास तळेऱ्याहून खारेपाटणला जाऊन तेथील जुन्या जैन मंदिराचे दर्शन घ्यावे.

शुक्रवारी निघताना वहिनींनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. गाडीत बसल्यावर मी सौभाग्यवतीला म्हणालो, "आता रात्रीचे जेवण माझेही बंद." ती काही बोलली नाही, फक्त पाचच्या सुमारास, घाट चढत असताना, तिने शिदोरी सोडून माझ्यापुढे धरली.