पदार्थविज्ञान शिकून पुढे काय?

बारावीचे निकाल लागले, की मुलामुलींना घेऊन आईबाप धर्मगुरूंच्या घराची पायरी चढू लागतात. सल्ला विचारतात खरा. परंतु निर्णय बहुधा घरीच झालेला असतो, आमच्याकडून हवा असतो तो आशीर्वाद. यंदा येथे इंदुरात एका पित्याने मात्र निराळीच विनंती केली. "फादर, पोरगी बी.एस्सी.ला फिजिक्स घेईन म्हणते. इंजिनियरिंगला प्रवेश मिळत असताना! शेवटी मास्तरीणच व्हायची ना? तुम्ही समजवा तिला."

आम्ही समजूत घातली ती पित्याची.

बेल्जममधील फादर जॉर्ज लमेत्र हेही प्रथम लूवाँ येथे इंजिनियरिंगच शिकत होते. १९१४ साली महायुद्ध पेटले, ते तोफखान्यात गेले, आणि परतल्यावर त्यांनी इंजिनियरिंग सोडून गणित व पदार्थविज्ञान धरले. १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९२७ साली विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी गणिताने मांडले. पुढे पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा संबंध उत्पत्तीच्या वृत्तांताशी जोडला, तेव्हा हा याजक सुखावला नाही. शास्त्राची कसोटी शास्त्राने व्हावी, असे त्यांचे मत होते. श्रद्धा व विज्ञान यांच्याविषयी आमच्या तरुणांना जे प्रश्न पडतात, त्यांना याहून बरे उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

पण लमेत्र विरळा. कष्टाळू, साध्या बुद्धीच्या मुलाच्या पोटापाण्याचे काय, हा बापाचा प्रश्न रास्तच आहे.

रुग्णाभ्यंगासाठी आम्ही कर्करोगाच्या इस्पितळात जातो. तेथे डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात. परंतु किरणांची मात्रा किती, ती नेमकी गाठीवर पडते किंवा नाही, शेजारचा निरोगी भाग वाचतो किंवा नाही, हे मोजणारा मनुष्य रुग्णाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. तो वैद्यकीय पदार्थवैज्ञानिक. त्याच्यावाचून किरणोपचार चालविण्यास नियमाने परवानगी नाही. एम.एस्सी.नंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची एक वर्षाची पदविका, अथवा तत्सम मान्य अभ्यासक्रम, आणि मग वर्षभर इस्पितळात उमेदवारी, अशी ही वाट आहे.

इंदूरकरांना तर फार लांब पाहावयास नको. कॅट रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या त्या पित्याला 'कॅट' म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते! १९८४ साली पायाभरणी झालेले हे केंद्र आज राजा रामण्णा यांचे नाव धारण करते. तेथील 'इंडस-२' या वर्तुळाकार यंत्राचा परीघ १७२ मीटरांहून किंचित अधिक. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात व वळताना क्ष-किरण सोडतात. त्या किरणांनी पदार्थाच्या अंतरंगाची रचना तपासतात. इस्पितळातील किरणयंत्रातही वेगवान इलेक्ट्रॉनच काम करतात. एकच विद्या, दोन ठिकाणी.

आता कटू भाग. नुसत्या बी.एस्सी.वर फारसे काही मिळत नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षे धरावीच लागतात, आणि संशोधन करावयाचे तर पीएच.डी.ची आणखी सुमारे पाच. गणिताची धास्ती असणाऱ्याने या वाटेस जाऊ नये. ज्या घरी थोरल्याच्या पगारावर धाकट्यांची फी अवलंबून आहे, तेथे बी.एस्सी.मागून बी.एड. करून शाळेत लागणे शहाणपणाचे. 'मास्तरीण' या शब्दावरून आमचे त्या पित्याशी थोडे वाजलेच. पदार्थविज्ञान नीट शिकविणारी एक बाई शाळेला मिळाली, तर किती मुलांची गणिताची भीती जाईल, याचा हिशेब त्यांनी केला नव्हता.

अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. १८९१ साली स्थापन झालेले आपले होळकर कॉलेज असो की दुसरे कोणते, प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहावी. वर्षाकाठी विद्यार्थ्यांच्या हातून किती प्रयोग होतात, हे प्राध्यापकांस नव्हे, विद्यार्थ्यांस विचारावे. जेथे मागल्या वर्षीच्या वहीवरून आकडे उतरवून घेतात, त्या कॉलेजास दुरूनच नमस्कार करावा.