ढ होऊन या

“सर, आम्हाला यातलं काही कळणार आहे का?”

टोकियोतल्या एका प्राथमिक शाळेच्या दारात बूट काढता काढता आमच्या एका छात्राध्यापिकेनं मला विचारलं. बाहेरचे बूट कप्प्यात ठेवायचे आणि शाळेतल्या सपाता पायात घालायच्या, असा तिथला रिवाज. “नाही कळणार, म्हणून तर आणलंय,” मी म्हणालो. तिला हे उत्तर मुळीच आवडलं नाही.

मी बी.एड.ला शिकवतो. भावी शिक्षकांना परदेशी शाळा दाखवणाऱ्या ‘अभ्यास दौऱ्यां’ची पत्रकं हल्ली माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यातल्या एकात सहा दिवसांत चार शहरं, बुलेट ट्रेन, फुजी पर्वत आणि बुधवारी ‘शाळा भेट – दीड तास’. दीड तासात इमारत दिसते, स्वच्छतागृह दिसतं, मुलं हात हलवतात, फोटो निघतात. परत आल्यावर प्रत्येकाचं परिपाठाला एकच भाषण: तिथली मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात. (आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळांतही मुलं झाडतात. झाडू बहुतेकदा मुलींच्याच हातात असतो, एवढं मात्र त्या भाषणात येत नाही.) असल्या दौऱ्यांवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे या धंद्यातले जुने खेळाडू जपानीच. १८७५ साली त्यांच्या शिक्षण खात्यानं तीन तरुणांना अमेरिकेतल्या अध्यापक विद्यालयांत शिकायला धाडलं. ताकामिने हिदेओ ऑस्वेगोला, कोझु सेन्झाबुरो ऑल्बनीला आणि इसावा शूजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरला गेला. इसावा हुशार होता, पण गाण्याच्या तासाला पार ढ ठरला. पाश्चात्त्य सप्तक काही केल्या गळ्यात बसेना. प्राचार्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, तू परदेशी आहेस, तुला गाणं माफ. ही सूट त्याला झोंबली. ल्यूथर व्हायटिंग मेसन हे बॉस्टनमधल्या शाळांत संगीत शिकवण्याची व्यवस्था पाहत. त्यांच्याकडे जाऊन तो सा-रे-ग-म गिरवू लागला. पुढं जपाननं १८८० साली याच मेसनना बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून शाळेसाठी गाण्यांचं पुस्तक केलं. त्यातलं ‘होतारू नो हिकारी’, म्हणजे काजव्यांचा उजेड, हे गाणं तिथं निरोप समारंभात अजून म्हणतात. चाल स्कॉटलंडची. आम्ही ती एका दुकानात, बंद व्हायच्या वेळेला ऐकली. आमच्यातली गाणारी मुलगी चमकून म्हणाली, “सर, हा तर भूप!” मध्यम नाही, निषाद नाही. स्वर तरी भूपाचेच.

इसावाची गोष्ट मी विद्यार्थ्यांना इथपर्यंतच सांगत असे. आता पुढचंही सांगतो. १८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या शिक्षणाचा कारभार याच इसावाकडे आला आणि त्यानं तैवानी मुलांना जपानी शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या वर्गात ढ ठरलेला माणूस आपल्या वर्गात पुन्हा साहेब होऊ शकतो.

तर ती शाळा. आम्ही पाच दिवस एकाच शाळेत, शक्यतो एकाच वर्गात बसलो. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींच्या निरीक्षण वह्यांत एकच वाक्य होतं: ‘विद्यार्थी शिस्तप्रिय आहेत.’ दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, वर्ग बघू नका, एक मूल निवडा आणि पंचेचाळीस मिनिटं फक्त त्याचे हात बघा.

चौथीचा गणिताचा तास होता. अख्ख्या तासाला एकच उदाहरण: काटकोनात वळलेल्या आकृतीचं क्षेत्रफळ काढा. बाई बाकांमधून फिरत होत्या. कुणाला काही सांगत नव्हत्या, हातातल्या कागदावर मात्र टिपत होत्या. सपातांवाल्या आमच्या विद्यार्थिनीनं निवडलेल्या मुलानं तीनदा खोडलं आणि शेवटी सगळ्या बाजूंची बेरीज मांडली. क्षेत्रफळाऐवजी परिमिती. बाई त्याच्यापाशी थांबल्या, वाकून पाहिलं, टिपलं आणि पुढं गेल्या. मग फळ्याकडे पहिलं बोलावणं त्यालाच. त्याची बेरीज फळ्यावर, शेजारी त्याचं नाव. “यानं काय मोजलं?” यावर वर्गात दहा मिनिटं वाद झाला. नंतर आकृती तोडून, मग मोठ्या आयतातून कोपरा वजा करून, अशा इतरांच्या रीती एकेक करून शेजारी आल्या. तास संपला तेव्हा फळ्यावर डावीकडून उजवीकडे सगळा तास मांडलेला होता आणि डावीकडे ती बेरीज तशीच होती.

जपानी भाषेचा एक शब्द कळत नसताना आमच्या मुलीनं त्या तासावर सात पानं लिहिली. शब्द कळले असते तर बाईंचं बोलणं उतरवून घेत बसली असती.

यासाठी टोकियोच हवं असं नाही. जपानला आठच जण आले, बाकीच्यांना खर्च झेपण्यासारखा नव्हता. त्यांना मी धडगावला नेतो. पावरी बोलणाऱ्या पहिलीच्या पोरांसमोर पुण्या-सांगलीचा छात्राध्यापक उभा राहिला की पाच मिनिटांत त्याचा इसावा होतो. पोरं हसतात. त्याला एक शब्द शिकवतात आणि उच्चार चुकला की पुन्हा म्हणायला लावतात.

परतल्यावर त्या मुलीनं आंतरवासितेत जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीवर पाठ घेतला. एका पोराचं चुकलेलं उत्तर त्याच्या नावासह फळ्यावर लिहिलं, वर्गाला भांडू दिलं आणि घंटा झाली तरी पुसलं नाही. आमच्या निरीक्षकांनी शेरा मारला: ‘चुकीचे उत्तर फळ्यावर राहिले. पाठाच्या शेवटी फलक स्वच्छ केला नाही.’ फलकलेखनाला १० पैकी ४ गुण. ती तक्ता घेऊन माझ्याकडे आली. निरीक्षकांची चूक नव्हती, ते तक्त्याप्रमाणेच वागले होते. तो तक्ता बारा वर्षांपूर्वी मी तयार केला होता आणि आमच्याकडे अजून तोच चालू आहे.