माशी, मासा आणि मास्तर

"मास्तर, शाळा सांभाळून कथा लिहिता, वर गरी घेऊन खाडीवरही जाता. जमते कसे हे सगळे?" हा प्रश्न आम्हाला निकाहात, मय्यतीत, एसटीच्या रांगेत, कुठेही गाठतो. विचारणाऱ्याच्या स्वरात कौतुक कमी आणि संशय जास्त असतो. तिन्हींपैकी एका कामाची हा माणूस नक्की चोरी करत असणार, अशी त्याची खात्री असते. घरात तर निकाल केव्हाच लागला आहे. आमच्या बेगमसाहेबांच्या मते शाळा पगारासाठी, मासा कालवणासाठी आणि कथा रद्दीवाल्यासाठी!

अशा वेळी आम्ही एका थोर मास्तरांची साक्ष काढतो. त्यांचे नाव नॉर्मन मॅक्लीन. जन्म 1902 चा, बालपण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री. पुढे मॅक्लीन शिकागो विद्यापीठात अनेक दशके इंग्रजी साहित्य शिकवत राहिले. शेक्सपिअर शिकवण्यात त्यांचा हातखंडा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ते मोंटानातल्या सीली सरोवराकाठच्या लाकडी घरात जायचे आणि नदीत उतरून ट्राउट मासे पकडायचे. 1973 मध्ये ते निवृत्त झाले आणि मुलांच्या आग्रहावरून लिहायला बसले. 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' हे त्यांचे पहिले कथापुस्तक 1976 मध्ये आले, तेव्हा वय त्र्याहत्तर! व्यावसायिक प्रकाशकांनी नाकारलेले ते पुस्तक त्यांच्याच विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढले. त्या संस्थेने तोवर नवे कथासाहित्य कधी छापलेच नव्हते.

मॅक्लीन यांची मासेमारी आमच्यासारखी नव्हे. आम्ही तंगुसाला शिसे बांधतो, गरीला कोळंबी लावतो आणि भिरकावतो. शिशाच्या वजनाने दोरा जातो. त्यांच्याकडे गरीवर पिसे आणि केस गुंडाळून खोटी माशी बनवतात. तिला वजन असे नसतेच. म्हणून तिथे दोराच जड असतो आणि त्याच्या वजनावर माशी पुढे जाते. काठी मागे न्यायची, दोरा पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे, मग पुढे आणायची. घाई केली की दोरा कोसळतो. जोर लावणाऱ्याला ही विद्या येत नाही, थांबणाऱ्याला येते. माशीने मासा पकडण्याची ही गंमत मराठीत सांगताना तर जीभही अडखळते. आमच्या खाडीच्या गढूळ पाण्यात मात्र ती माशी कोणत्याही तांबोशीला दिसणार नाही. तेव्हा आमची कोळंबीच बरी.

मॅक्लीन यांच्या वडिलांनी मुलाला सुरुवातीची काही वर्षे घरीच शिकवले. सकाळी निबंध लिहायला सांगायचे. लिहून आणला की म्हणायचे, निम्मा कर. निम्मा केला की पुन्हा निम्मा. शेवटी सांगायचे, आता फेकून दे. दुपारी मुलगा मोकळा, रान आणि नदी त्याची. आमच्या मते शिक्षण, लेखन आणि मासेमारी यांचा तिढा त्या घरात तेव्हाच सुटला होता. तिन्हींत फालतू हालचाल चालत नाही. आम्ही हा प्रयोग नववीच्या वर्गात करून पाहिला. निम्मा करण्यापर्यंत मुले खुशीने आली. फेकायला सांगितल्यावर एकजण म्हणाला, "सर, मग आधीच लिहायला कशाला सांगितलंत?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही.

आता वेळेचे. शाळेचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले असते, भरतीचे रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. खाडीवरच्या आमच्या माणसाला ते हिजरी तारखेवरून कळते. चांद दिसला की आणि चौदाव्या-पंधराव्या चांदाच्या आसपास उधाण. सातव्या-आठव्याला आणि पुन्हा एकविसाव्या-बाविसाव्याला भांग, पाण्याला ओढ कमी. भरती फजरनंतर असेल तर शाळेआधी गरी, असरनंतर असेल तर शाळेनंतर. शाळेच्या तासांतच भरली तर मासे वाचले! त्या रात्री वही उघडायची. महिन्यातून असे किती दिवस मिळतात ते मोजले, तर वर्षाला दोन कथांचा हिशेब बसतो. आमचे उत्पादन तेवढेच आहे.

पण हा झाला घड्याळाचा हिशेब. मॅक्लीन यांना पहिले पुस्तक लिहायला सत्तरी का ओलांडावी लागली? त्यांचा धाकटा भाऊ पॉल पत्रकार होता, उत्तम मासेमार होता. 1938 मध्ये शिकागोत त्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. पुस्तकातली मुख्य कथा या भावाभोवतीच फिरते. जवळच्या माणसाला हात द्यावासा वाटतो आणि तो कसा द्यावा हे कळत नाही, हे तिचे दुखणे आहे. घटना आणि पुस्तक यांच्यात अडतीस वर्षे गेली. दोरा पाठीमागे उलगडायला तेवढा वेळ लागला.

आमच्याही वहीत एक मुलगा अडकून आहे. वर्गात शेवटच्या बाकावर, खाडीवर आमचा उस्ताद. कोणत्या खडकाखाली तांबोशी बसते, काळुंदर कधी खाते, हे त्याने आम्हाला शिकवले. आम्ही त्याला विभक्ती शिकवत होतो. त्याने दहावी सोडली आणि आखातात गेला. दोन वर्षे फोन आले, पैसे आले. आता तीन वर्षे काहीच नाही. त्याच्यावरची आमची कथा चाळीस पानांची होती. निम्मी केली, पुन्हा निम्मी केली. शेवट मात्र सुचत नव्हता.

गेल्या रमजानमध्ये त्याची अम्मी इफ्तारीचे ताट घेऊन आली. गावात काही लपत नाही. टेबलावरच्या कागदांकडे बघून म्हणाली, "मास्तर, त्याची गोष्ट कशाला लिहिता? गोष्ट संपलेल्या माणसाची लिहितात."

आमच्यातला लेखक गप्प बसला. मास्तराने शाळेच्या हजेरीवहीतली त्याची जन्मतारीख शोधून काढली आणि त्याच्या चौकशीचा अर्ज लिहून दिला. अर्ज एका पानाचा आहे. त्यातला एकही शब्द निम्मा करता आला नाही.