न आलेल्या गाडीची बखर

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तिथले शहर कोणत्याही नकाशात नाही. तरी त्याला स्थानक आहे, सिग्नल आहेत, दिवेलागणही होते. या छंदात नुसते रूळ पुरत नाहीत. गावाला पूर्वेतिहास लागतो. थॉमस इंजिनाचे जनक रेव्हरंड ऑड्री यांनी तर आपल्या सोडोर या कल्पित बेटाचा सविस्तर इतिहास भावासह लिहून १९८७ मध्ये प्रसिद्ध केला.

आम्हां बीडकरांना हा खेळ परका नाही. परळीला गाडी होती, जिल्ह्याच्या गावाला नव्हती. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला आणि आम्ही तो मनातच चालवू लागलो. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर मनातल्या गाडीचे कित्येक प्रवासी उरले नव्हते.

छांदिष्ट भूतकाळ कल्पितो, आम्ही भविष्यकाळ कल्पिला. त्याच्या गावात गाडी आधीच आलेली असते; म्हणून त्याच्या बखरीत वाट पाहण्याचे प्रकरण नसते. आमच्या बखरीत तेच सर्वांत मोठे आहे, आणि ते अजून कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही.