कठीण, तरी ठिसूळ

आयनिक संयुगांचे गुणधर्म मी दहावीत घडाघडा म्हणायचो: स्थायू, कठीण, ठिसूळ, द्रवणांक उच्च. पैकीच्या पैकी मार्क! परवा लेक तेच पाठ करता करता म्हणाली, "बाबा, कठीण आहे तर ठिसूळ कसं?" माझी बोलती बंद. वीस वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम डीबग करतोय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मग जरा वाचलं आणि कॅरमच्या सोंगट्या काढल्या. काळी म्हणजे सोडियम, पांढरी म्हणजे क्लोराईड. आडव्या-उभ्या ओळींत एकाआड एक मांडल्या. प्रत्येकीला विरुद्ध प्रभाराच्या शेजारणींनी धरून ठेवलंय (खऱ्या मिठात वर-खाली धरून सहा). म्हणून मीठ कठीण, आणि वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आता एक ओळ एक घर सरकवली. काळीसमोर काळी, पांढरीसमोर पांढरी! म्हणजे ज्या विद्युतबलाने धरून ठेवलं होतं, तेच आता ढकलतंय. खडा दुभंगणारच.

खडेमिठाचा एक खडा बत्त्याने हळूच ठोकून भिंगातून पाहिला. सपाट बाजू, काटकोनी कडा.

"म्हणजे कारण एकच," लेक म्हणाली, "मग दोन्ही वेगवेगळं पाठ कशाला करायचं?"

असो. दहावीचे ते मार्क परत करावेसे वाटले.