१२ क्विंटल सोयाबीन, उत्तर उणे ११,५३६

नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजं सुरू झाली की अकरावी-बारावीची लेकरं लॅपटॉप पोटाशी धरून येतात आणि सगळ्यांचं मागणं एकच असतं. "दादा, टर्बो टाकून द्या."

टर्बो म्हणजे टर्बो सी प्लस प्लस. बोर्लंड कंपनीनं १९९० मध्ये डॉससाठी काढलेलं. ज्या लेकराला ते हवंय त्याच्या जन्माच्या आधीच ते म्हातारं झालेलं. आजचं ६४ बिटांचं विंडोज असले १६ बिटांचे प्रोग्राम चालवतच नाही. मग चालतं कसं? तर त्या आयकॉनच्या आत डॉसबॉक्स नावाचं दुसरंच सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते नव्या लॅपटॉपच्या पोटात एका जुन्या कॉम्प्युटरचं सोंग आणतं. जुना प्रोसेसर, जुना स्क्रीन, जुनं साउंड कार्ड, सगळं हुबेहूब. याला एम्युलेटर म्हणतात. टर्बोला वाटतं आपण अजून डॉसवरच आहोत. लेकराला वाटतं आपण आजच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामिंग शिकायलोय. दोघांचाही गैरसमज, आणि तो दूर करायला कुणाला वेळ नाही.

डॉसबॉक्स २००२ पासून आहे. मुक्त सॉफ्टवेअर, एक रुपया लागत नाही, आतला कोडही कुणालाही बघता येतो. जुने गेम खेळता यावेत म्हणून काही हौशी लोकांनी ते बनवलं. आपल्याकडं मात्र त्याच्यावर बारावीचं प्रॅक्टिकल चाललंय.

आता तुम्ही म्हणाल, चालतंय ना, मग त्रास काय? सांगतो.

माझी भाची लातूरला बारावीला आहे. बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स, २०० मार्कांचा विषय. लातूर पॅटर्नबद्दल मी नवीन काय सांगणार, तिथं लेकरांना घासायला शिकवावं लागत नाही. पोरगी हुशार. दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं स्वतःच्या डोक्यानं एक प्रोग्राम लिहिला. पुस्तकातला नाही, घरातला. आडतीवर सोयाबीन घातल्यावर पट्टी किती यायला पाहिजे, याचा. क्विंटल १२, भाव ४,५०० धरला. गुणाकार तोंडी येतो, ५४,००० रुपये. टर्बोनं उत्तर दिलं, उणे ११,५३६.

तिचे वडील म्हणाले, "म्हणजे माल घालून वरून आपणच पैसे द्यायचे का?" सगळे हसले. पोरगी हसली नाही. तिनं तो प्रोग्राम चार वेळा तपासला आणि मला फोन केला. "मामा, माझं काय चुकायलंय?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. टर्बोमधला 'इंट' १६ बिटांचा. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ एवढाच आकडा मावतो. पुढं गेलं की जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर शून्यावर येतो ना, तसं होतं. फक्त हा शून्यावर न येता थेट उणे ३२,७६८ वर जाऊन पडतो आणि तिथून वर यायला लागतो. ५४,००० मधून ६५,५३६ वजा करा, उत्तर येईल उणे ११,५३६. आजच्या जीसीसी कंपायलरमध्ये तोच 'इंट' ३२ बिटांचा आहे, २१४ कोटींपर्यंत मावतं. तिथं तिचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर आलं असतं.

पण गंमत अशी, की तिचा प्रोग्राम तिथं चाललाच नसता. कारण पहिल्या ओळीत तिनं शिकवल्याप्रमाणं 'आयोस्ट्रीम डॉट एच' लिहिलंय. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, त्यात हे 'डॉट एच' राहिलं नाही. 'क्लिअरस्क्रीन', 'गेटसीएच', 'व्हॉइड मेन', जी लेकरं झोपेतही म्हणतील, ती आजच्या कंपायलरपुढं ठेवली की चुकांची यादी येते.

माझी खरी तक्रार इथं आहे. आमची लेकरं नांदेड-लातूरहून पुण्याला इंजिनिअरिंगला जातात. पहिल्या महिन्यात लॅबमध्ये प्रोग्राम लिहितात आणि स्क्रीन लाल होते. शेजारी शहरातलं पोरगं बसलेलं असतं, त्याचं चालतं. आमच्या लेकराला वाटतं, आपल्याला येतच नाही, आपण खेड्यातले. दुकानात येऊन मला हे सांगणारी पोरं मी दरवर्षी बघतो. बारावीला त्या विषयात चांगले मार्क घेतलेली पोरं. जुन्या औतानं नांगरायला शिकवलं याचं दुःख नाही. औत जुनं आहे हे सांगितलं नाही, याचं आहे.

म्हणून कुणी लगेच 'जुनं सगळं फेका' म्हणू नका. जुन्यात फार चांगलंही आहे.

याच अभ्यासक्रमात इंटेलचा ८०८५ प्रोसेसर आहे, १९७६ चा. लोक त्याला हसतात, मी हसत नाही. '३ई ०५, ०६ ०३, ८०, ७६' एवढे आकडे टाकले की ५ आणि ३ ची बेरीज होऊन ८ येतात, आणि ते आत कसे फिरले हे पायरीपायरीनं दिसतं. मशीन खरंच कसं चालतं ते याच्यापेक्षा सोपं कुठं दिसणार? अडचण किटची. एका किटभोवती सात-आठ जण उभे, बटणं दाबणारा एकच. त्यावर उपाय आहे. जीएनयूसिम८०८५ नावाचा सिम्युलेटर २००३ मध्ये एका भारतीय प्रोग्रामरनंच लिहायला घेतला. फुकट, मुक्त, जुन्या लॅपटॉपवरही पळतो. प्रत्येक लेकराच्या घरी आपापलं किट.

तसंच बेसिकचं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ही भाषा बनवली, ती विज्ञान न शिकणाऱ्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. पुढं १९९१ मध्ये डॉससोबत क्यूबेसिक आलं. निळा स्क्रीन, केळं फेकणारे गोरिला. आज क्यूबी६४ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर तोच निळा स्क्रीन आजच्या विंडोजवर आणि लिनक्सवर देतं, आणि तेही कुठल्याही सोंगाशिवाय. प्रोग्राम थेट आजच्या मशीनसाठी तयार होतो. भाचीला ते टाकून दिलं. पट्टीचा प्रोग्राम तिनं अर्ध्या तासात पुन्हा लिहिला, हमाली आणि तोलाई वजा करून. तिच्या सातवीतल्या भावानं बघून बघून दुधाच्या हिशोबाचा केला. त्याला 'डॉट एच' माहीत नाही आणि त्याचं काही अडलंही नाही.

फ्रीडॉसचं तर रोजचंच आहे. जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं १९९४ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त डॉस कितीतरी स्वस्त लॅपटॉपांवर घालून येतं, विंडोजचे पैसे वाचावेत म्हणून. लोक माझ्याकडं आणतात आणि म्हणतात, "यात काहीच नाही, पुसून टाका." ज्या डॉससाठी टर्बोला सोंग करावं लागतं, तोच डॉस पुसायला आणतात.

तर मागणं मोठं नाही. इमारत नको, निधी नको, टेंडर नको.

एक, प्रॅक्टिकलला आजचा कंपायलर चालू द्या. कोड ब्लॉक्स, जीसीसी, सगळं फुकट आहे. ज्या पोरानं आजच्या पद्धतीनं प्रोग्राम लिहिला त्याचे मार्क कापू नका.

दोन, टर्बो ठेवायचंच असेल तर पहिल्याच तासाला सांगा, की हे जुन्या मशीनचं सोंग आहे आणि ते सोंग कसं आणलंय. तो एक तास पूर्ण वर्षापेक्षा जास्त शिकवून जाईल.

तीन, आठवी-नववीला शाळेतल्या धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवर क्यूबी६४ टाका आणि लेकरांना घरचा एक हिशोब करायला सांगा. दुधाचा, पट्टीचा, भिशीचा, कशाचाही.

नांदेड शहरातली कुठली शाळा तयार असेल तर रविवारी येऊन मी टाकून देतो, पैसे नको. लातूरच्या दुकानदार मित्रांनो, तुमच्याकडं कोण तयार आहे? खाली लिहा. आणि तुमच्या घरात बारावीचं लेकरू असेल तर आज रात्री त्याला १२ गुणिले ४,५०० टर्बोत करायला लावा. उत्तर बघून ते काय विचारतं, तेही लिहा.