न पाहिलेले नगर

आमच्या मोप्याच्या सड्यावर आमच्या घराण्याच्या राखणदाराचा एक पाषाण होता. मूर्ती नव्हे, नुसताच जांभा. वर्षातून एकदा वडील तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालीत आणि आम्ही मुले मागे हात जोडून उभे राहत असू. पुढे सड्यावर विमानतळ येणार हे ठरले, जमीन गेली आणि तो पाषाण विधिपूर्वक उचलून आम्ही खाली घराजवळच्या काजूच्या बागेत आणून ठेवला. समजूत घालायला पुष्कळजण आले. "देव काय, नेऊ तिथे येतो," असे सगळ्यांनी सांगितले. मीही मान डोलावली. पण त्या वर्षी गाऱ्हाणे घालताना शब्द घशातच अडकले. आपण देव आणला की नुसता दगड, हे मला कळेना.

तसे म्हणायला न आलेला एकच माणूस होता. आमच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले एक ख्रिस्ती सर. ते आले, बागेत पाषाणासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, जागा गेली की दुखायचेच. आमच्या धर्माची अर्धी प्रार्थना गेलेल्या जागेचीच आहे."

या सरांना एकच ध्यास होता. जेरुसलेमला जायचे. निवृत्तीनंतर पेन्शनमधून ते त्यासाठी पैसे बाजूला टाकीत. पूर्वी एकदा स्टाफरूममध्ये मी त्यांची थट्टा केली होती, "सर, देव सगळीकडे आहे ना? मग एवढा खर्च कशाला?" त्यावर ते हसून कोंकणीत म्हणाले होते, "देव सगळेकडेन आसा मास्तर, पूण मनशाक वाट जाय न्हय?" माणसाला वाट हवी! पंढरीच्या वाटेचे अभंग वर्गात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे सांगायची पाळी त्यांच्यावर आली, याची आज लाज वाटते.

पुढे संध्याकाळच्या गप्पांतून त्यांनी मला त्या नगराची ओळख करून दिली. दाविदाने जेरुसलेम आपली राजधानी केली, त्याच्या पुत्राने, शलमोनाने, तिथे मंदिर बांधले. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले आणि लोकांना बंदी करून नेले. परमुलखात नदीकाठी बसून त्या नगरासाठी रडणाऱ्यांचे स्तोत्र बायबलात आहे. मंदिर पुन्हा उभे राहिले आणि इसवी सन ७० मध्ये रोमनांनी तेही पाडले. त्याआधी सुमारे चाळीस वर्षे येशू त्या नगराजवळ आला होता. लोक जयजयकार करीत होते आणि तो मात्र नगराकडे पाहून रडला. "शांती कशात आहे हे त्या नगराला कळले नाही म्हणून रडला," सर म्हणाले. "ज्या गावासाठी देव रडला ते आमचे पवित्र नगर. सोन्याच्या कळसामुळे नव्हे."

मग त्यांनी शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. विहिरीवर ती येशूला विचारते, भजन आमच्या डोंगरावर करायचे की जेरुसलेमात? आणि तो सांगतो की अशी वेळ येत आहे, जेव्हा ते या डोंगरावरही नसेल आणि जेरुसलेमातही नसेल. आत्म्याने आणि खरेपणाने असेल. मी लगेच म्हटले, "मग माझेच म्हणणे खरे ठरले की!" सर म्हणाले, "नाही. जागा टाकून द्या असे तो म्हणत नाही. जागेपाशी थांबू नका म्हणतो."

हा भेद मला पुस्तकात सापडला तो बायबलाच्या शेवटच्या ग्रंथात. बायबलाचा आरंभ एका बागेत होतो आणि शेवट एका नगरात. ते नवे जेरुसलेम माणसे बांधीत नाहीत, ते स्वर्गातून उतरते. त्याला बारा वेशी आहेत आणि त्या कधीच बंद होत नाहीत. तिथल्या झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. आणि सगळ्यात नवल म्हणजे त्या पवित्र नगरात मंदिरच नाही! देव स्वतःच तिथे राहतो, मग मंदिर कशाला? आपल्या संतांनी देहालाच पंढरी म्हटले, त्याची मला इथे आठवण झाली. पण फरकही आहे. आपली ती पंढरी आत आहे, यांचे हे नगर पुढे आहे. पृथ्वीवर आपल्याला कायमचे गाव नाही, येणाऱ्या नगराकडे आपण चाललो आहोत, ही ख्रिस्ती श्रद्धेची धारणा आहे.

म्हणूनच जेरुसलेमची यात्रा ख्रिस्ती माणसाला सक्तीची नाही. ज्यांना जाता येत नव्हते त्यांनी जेरुसलेमच आपल्या गावी आणले. चर्चच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात, ती त्या नगरातल्या वाटेचीच. गोव्यात उपासाच्या दिवसांत भाविक या स्थानावरून त्या स्थानाकडे जातात, तेव्हा ते चार पावलांत जेरुसलेम चालून येतात. आमच्या मराठीनेही हे काम फार पूर्वी केले आहे. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. एम.ए.ला असताना ते मी परीक्षेपुरते वाचले होते. सरांमुळे पुन्हा काढले. जेरुसलेमची कथा ओवीतून चालते आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलेले! परक्या नगराची वाट त्या पाद्रीबाबांनी आपल्या शब्दांनी बांधून दिली.

सरांनी नोव्हेंबर २०२३ च्या यात्रेसाठी नाव घातले. बॅगही भरून ठेवली. आणि ७ ऑक्टोबरला तिकडे युद्ध पेटले. यात्रा रद्द झाली. मी भेटायला गेलो आणि शहाणपणा करून त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवले, "सर, जागेपाशी थांबायचे नसते." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, माझी यात्रा चुकली त्याचे मला काही नाही. त्या मुलखात पोरे मरताहेत, दोन्हीकडची. तो नगराकडे पाहून रडला होता ना, तसेच आहे अजून." मला आपल्या तोंडाळपणाची शरम वाटली.

पुढे त्यांच्या हृदयाने उचल खाल्ली आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाचा सोहळा होता, दहा वर्षांनी येणारा. मी त्यांना गाडीने नेले. रांगेत हर तऱ्हेची माणसे होती, कुंकू लावलेल्या बायकाही होत्या. दर्शन झाल्यावर सर म्हणाले, "त्या मनोऱ्याकडे चला."

सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा तो जांभ्या दगडाचा पडका मनोरा. एकेकाळी या शहराला पूर्वेचे रोम म्हणत. साथींनी ते ओस पडले, १८४३ साली राजधानी पणजीला गेली. सर एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "गंमत पाहा. ४१० साली रोम लुटले गेले, तेव्हा लोक म्हणाले, आता सगळे संपले. त्यावर या ऑगस्टीनने 'देवाचे नगर' हा ग्रंथ लिहिला. दोन प्रेमांनी दोन नगरे उभी राहतात म्हणाला. एक स्वतःवरच्या, दुसरे देवावरच्या. आणि त्याच्याच नावाचे देऊळ इथे पडून आहे! म्हणजे त्याचे म्हणणे खरेच." आणि ते लहान मुलासारखे हसले. "जेरुसलेम पाहिले मी आज, मास्तर."

गेल्या पावसाळ्यात सर गेले. चर्चमागच्या ओल्या मातीत त्यांना ठेवताना पाद्रींनी प्रार्थना म्हटली. तिच्यात जेरुसलेमचे नाव ऐकू आले आणि मी मान खाली घातली.

यंदा बागेतल्या पाषाणासमोर मी गाऱ्हाणे घातले. वरून विमान गेले, त्याच्या आवाजात माझे दोनचार शब्द बुडाले. मी थांबलो आणि ते पुन्हा म्हटले. या वेळी घसा अडकला नाही.